पाहुण्यांच्या दारी चौकशी नाही

"मी सही करणार नाही," वहिनी म्हणाली आणि तिनं हमीपत्र भाजीच्या भांड्यापासून लांब सरकवलं, डाग पडू नये म्हणून.

रविवारची दुपार होती. कंपनीचे सगळे निर्णय या घरात जेवणाच्या टेबलावरच व्हायचे. भरल्या पोटी माणूस कमी भांडतो, असं अण्णांचं मत होतं. या टेबलावर ते एकदाही खरं ठरलं नव्हतं, पण अण्णा गेल्यावरही पद्धत कुणी मोडली नाही. आई टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसायची, कारण अण्णांनंतर कंपनीची अध्यक्ष तीच होती. तिच्या उजव्या हाताला थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा. कारखाना तो बघायचा. डाव्या हाताला धाकटा, जो चादरी, अभ्रे आणि टॉवेल हॉटेलांना विकायचा आणि विकून आल्यावर आठवडाभर त्याबद्दल बोलायचा. समोर बेबी आणि तिचा नवरा.

बेबी पन्नाशीला टेकली होती, केसांना रंग लावत होती, पण या घरात तिचं बेबी हे नाव कधी सुटलं नाही. तिच्या नवऱ्याचं त्याहून मजेशीर होतं. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा सगळे त्यांना पाहुणे म्हणाले, आणि अजून म्हणत होते. कंपनीच्या चादरींच्या आणि टॉवेलांच्या कडा शिवायचं सगळं काम त्यांच्या युनिटमध्ये व्हायचं. म्हणजे निम्मी कंपनी पाहुण्यांच्या जिवावर चालायची, तरी ते पाहुणेच.

"सही करणार नाही म्हणजे?" धाकट्यानं घास हातातच ठेवला. "वहिनी, उद्या हॉटेलवाले येतायत. दर वर्षी करतेस ना?"

"दर वर्षी केली. यंदा आधी वाचलं."

"काय लिहिलंय त्यात एवढं?" आईनं विचारलं. चष्मा आतल्या खोलीत होता.

वहिनीनं वाचून दाखवलं नाही, सांगितलं. "आपल्या कारखान्यात आणि आपल्याला माल करून देणाऱ्या कुठल्याही जागी कुणाला कोंडून, धाकात ठेवून किंवा त्याचे कागद अडकवून कामाला लावलेलं नाही, असं आपण लिहून द्यायचं. प्रत्येक जागा स्वतः बघितली, असंही. खाली सही माझी. कारण बघायला जाते ती मी."

"मग?" थोरला म्हणाला. "बघतेस की."

"गुरुवारी मी बेबीकडे गेले होते."

बेबीनं मान वर केली. "गुरुवारी? मी दातांच्या डॉक्टरकडे होते. कळवायचं नाही का गं? काहीतरी केलं असतं जेवायला."

"तेच. कळवलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

खरं तर कळवायचं राहूनच गेलं होतं. ती त्या भागात धाग्याच्या व्यापाऱ्याकडे गेली होती, व्यापाऱ्यानं दोनदा चहा पाजला, आणि परतताना तिला बाथरूमला जाणं भाग झालं. नणंदेचं घर समोर होतं, घराला कुलूप. मग ती मागच्या अंगणातून युनिटच्या शेडमध्ये शिरली, आणि बाथरूम शोधत लोखंडी जिन्यानं वर गेली. सात वर्षं ती इथे पाहणीला येत होती. या सात वर्षांत जे दिसलं नाही ते एका घाईच्या लघवीनं दाखवलं, हे तिनं टेबलावर सांगितलं नाही. आईसमोर असले शब्द ती काढत नसे.

"वर बायका राहतात ती खोली आहे ना," ती म्हणाली, "तिला बाहेरून कुलूप होतं. आत कुणीतरी खोकत होतं. मी खिडकीशी गेले. खिडकीला जाळी आहे, बोटही जात नाही. एक बाई पडली होती, तापानं. म्हटलं, बाहेर ये, डॉक्टरकडे नेते. ती म्हणाली, किल्ली बाईंकडे आहे."

बेबीनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

"तिची आई अंथरुणाला खिळलीय. ती महिनाभर गावी जायला मागतेय. कागद मागतेय. तिला सांगितलंय, ऑर्डर संपल्यावर बघू. कागदही बाईंकडे, म्हणाली." वहिनीनं बेबीकडे पाहिलं. "बाई म्हणजे तू."

"आता ती काहीही सांगेल!" पाहुणे पहिल्यांदाच बोलले. माणूस तसा मवाळ, आवाज चढवणं त्यांना जमत नसे, त्यामुळे चढवला की तो चिरकायचा. "वहिनी, तो परिसर कसा आहे माहितेय ना तुम्हाला? बायका आहेत, एकट्या. लांबून आलेल्या. काही झालं तर जबाबदार कोण? त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे ते कुलूप."

"बरोबर आहे," थोरला म्हणाला. "ते एक आहेच."

"सुरक्षिततेसाठी कडी आतून लावतात," वहिनी म्हणाली.

थोरल्यानं बायकोकडे असं बघितलं, जणू तिनं भर टेबलावर त्याच्या ताटातलं काढून घेतलं होतं. खोलीत बोलली असतीस की आधी, असं त्या नजरेत होतं. ती तीन रात्री त्याच्या शेजारी झोपली होती आणि बोलली नव्हती. बोलली असती तर त्यानं तिला गप्प केलं असतं, अगदी प्रेमानं, पाठीवर हात फिरवून. तिला ते माहीत होतं म्हणून ती इथे, सगळ्यांसमोर बोलत होती.

"आणि तू एवढी साळसूद कधीपासून झालीस गं?" बेबीचा आवाज बारीक झाला. "सात वर्षं येतेस. आदल्या दिवशी फोन करतेस, उद्या येते म्हणून. मी सकाळपासून स्वयंपाकाला लागते. घरात हॉलमध्ये बसतेस, जेवतेस, दोन वेळा वाढून घेतेस, सोफ्यावर पाय वर घेऊन गप्पा मारतेस. निघताना शेडच्या दारातून डोकावून म्हणतेस, छान चाललंय. मीच म्हणायचे, चल वर दाखवते. तू म्हणायचीस, जाऊ दे गं, जिना चढवत नाही जेवल्यावर."

"म्हणायचे," वहिनी म्हणाली.

तिला कानापर्यंत लाज चढली. बेबीनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. बाकीच्या सगळ्या पुरवठादारांकडे ती न सांगता जायची, रंगवाल्याचे तर तिनं तोंडाला फेस येईपर्यंत हाल केले होते, त्याच्या संडासांची दारंसुद्धा मोजून घेतली होती. बेबीकडे मात्र ती पाहुणचाराला जायची, आणि परत येऊन त्याला पाहणी म्हणायची.

"म्हणूनच यंदा सही नाही करत," ती म्हणाली. "मागच्या सगळ्या खोट्या होत्या."

*

आईला भूक नव्हती. ती पोळीचे तुकडे करून ताटाच्या कडेला लावत होती.

'पाहुण्यांच्या दारी चौकशी नाही.' हा नियम अण्णांचा, असं मुलांना वाटायचं. अण्णा गेल्यावर तो आणखीनच पवित्र झाला होता. खरा नियम तिचा होता. लग्न नवं असताना अण्णांच्या कारकुनानं कारखान्याच्या फाटकातच पाहुण्यांचा माल मोजायला घेतला होता, चार माणसांसमोर, टॉवेल उलटेसुलटे करत. पाहुणे तेव्हा काही बोलले नाहीत. पण घरी गेल्यावर त्यांनी बेबीशी बोलणं टाकलं, आणि बेबी बॅग घेऊन माहेरी आली. ते दिवस आई विसरली नव्हती. मुलगी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. तेव्हा तिनं अण्णांना सांगितलं, जावयाचा माल मोजायचा नाही, त्याच्या जागेत डोकावायचं नाही, जे येईल ते घ्यायचं. अण्णा म्हणाले, धंदा असा होत नाही. ती म्हणाली, मग धंदा ठेवा आणि मुलगी परत घ्या.

मुलीचा संसार राहिला. तिला कधी या निर्णयाचा पस्तावा झाला नाही. आता मात्र तिला आणखी एक गोष्ट आठवत होती. बेबीकडे एकदा दागिने बघताना कपाटाच्या आतल्या कप्प्यात रबर लावलेली एक जुडी दिसली होती, ओळखपत्रांची. "हे कसले गं?" असं तिनं विचारलं होतं. "मुलींचे आहेत, आई. हरवतात मेल्या. माझ्याकडे असले की काळजी नाही." आणि आई म्हणाली होती, "शहाणी गं माझी बाय ती."

एवढंच म्हणून तिनं बांगडी हातात घालून बघितली होती.

"सूनबाई," ती म्हणाली, "समजा, नाही केली सही. मग काय होतं?"

"ऑर्डर जाते," धाकटा मध्येच बोलला. "काय होतं काय? हॉटेलवाले दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जातील. निम्म्याहून जास्त माल तिकडे जातो आपला. मग आपल्या कारखान्यातल्या माणसांनी काय करायचं? ती पण माणसंच आहेत ना? त्यांच्या चुली कोण पेटवणार, वहिनी पेटवणार?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तो जरा चेव येऊन बोलला. "हे बघा. मी काही राक्षस नाही. कुलूप काढू. कागद देऊन टाकू. सगळं करू. पण हळूहळू, गाजावाजा न करता. उद्या सही होऊ दे, पुढच्या महिन्यात पाहुणे सगळं नीट करतील. कुणाला कळायची गरजच काय?"

"हे बरं आहे," थोरला म्हणाला. त्याला हायसं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलं घर आहे शेवटी."

"मला पण चालेल," बेबी घाईनं म्हणाली.

आता टेबलावर वहिनी एकटी पडली होती. ही जागा तिला नवी नव्हती. सून म्हणून आली तेव्हापासून या घरात निम्मा वेळ ती याच जागेवर होती.

आणि तेव्हा तिच्या बाजूनं बोलले ते पाहुणे. म्हणजे तिच्या बाजूनं असं नाही, पण बाकीच्यांच्या विरुद्ध.

"पुढच्या महिन्यात नीट करीन," ते म्हणाले. "कसं?"

"कसं म्हणजे?" धाकट्यानं विचारलं.

"कसं करू सांगा ना. तुम्ही हुशार आहात." पाहुण्यांनी हात पुसला, एकेक बोट. "दर कोणी ठरवला? थोरल्या दादांनी. दोनदा कमी केला. मी काही बोललो? नाही बोललो. सासऱ्यांनी धंद्याला लावलं, कुठल्या तोंडानं बोलणार? तारीख कोणी दिली? तुम्ही दिलीत, हॉटेलात बसून, मला न विचारता. या चालू ऑर्डरची तारीख ऐकून मी दोन दिवस झोपलो नाही. आसपासच्या बायका तेवढ्या पैशात, तेवढ्या तासांत येत नाहीत. येतील कशाला? म्हणून मुकादमाला सांगून लांबून आणल्या. तो त्यांना उचल देतो, ती फिटेपर्यंत जाऊ द्यायचं नाही म्हणतो. गेल्या तर उचल माझ्या अंगावर. कुलूप नाही लावलं तर त्या दुसऱ्या रात्री जातील. मी त्यांच्या जागी असतो तर मी पण गेलो असतो."

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं.

"तुम्ही कधी विचारलंत, एवढ्या दरात पाहुण्यांना जमतं कसं?" ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा तरी? मी वाट बघत होतो. सुरुवातीला वाटायचं, आज विचारतील. मग वाटायला लागलं, न विचारोत. मग सवय झाली."

थोरल्यानं डोळे ताटात घातले. दर कमी करताना त्याला प्रश्न पडला होता. पडला होता हे त्याला आत्ता अगदी स्वच्छ आठवलं. पाहुण्यांना विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून त्यानं विचारलं नाही. निदान तेव्हा त्यानं स्वतःला तसं सांगितलं होतं. नियम फार सोयीचा होता. चौकशी करायची नाही म्हटलं की माल स्वस्तात मिळायचा आणि वर माणूस सभ्यही ठरायचा.

"म्हणजे सगळं आमच्यावर ढकलताय," धाकटा म्हणाला.

"नाही. किल्ली माझ्याच घरात असते," पाहुणे म्हणाले.

वहिनी त्यांच्याकडे बघत होती. तिचा राग त्यांच्यावरून उतरून कुठे जावं हे न कळल्यासारखा तिथेच घुटमळत होता. मग तिला एकदम काहीतरी सुचलं आणि तिचा चेहरा बदलला.

"आज रविवार," ती म्हणाली. "आज शेड बंद?"

"बंदच की," बेबी म्हणाली.

"मग त्या कुठे आहेत?"

"वर. खोलीत. सुट्टी असते त्यांना."

"आणि तुम्ही दोघं इथे. तिथे कोण आहे?"

"कोण असणार? रखवालदार फाटकाशी असतो."

"किल्ली त्याच्याकडे?"

बेबीचा हात खुर्चीला अडकवलेल्या पर्सकडे गेला आणि पर्सवर तसाच राहिला. सगळ्यांनी त्या हाताकडे बघितलं.

"खाली कापूस, धागा, कापड," वहिनी म्हणाली. "वायरिंग जुनं. जिना एकच. आणि आपण सकाळपासून इथे बसलोय, बेबी."

आई उठली. उठताना तिच्या गुडघ्यांनी नेहमीसारखी कुरकुर केली, पण ती टेबलाचा आधार न घेता उठली.

"गाडी काढ," ती थोरल्याला म्हणाली.

"आई, जेवून तरी..."

"गाडी काढ म्हणते ना! जेवण कुठे पळून जात नाही. आपलं जेवण कधीच कुठे पळून गेलं नाही."

*

पाहुणे आले नाहीत. "तुम्ही सगळे बघत असताना मला ते दार उघडवणार नाही," एवढंच म्हणाले आणि उष्ट्या ताटापुढे बसून राहिले. धाकटा त्यांच्याजवळ थांबला. त्याला वाटलं होतं आपण त्यांच्यावर चिडू. पण त्यानं त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

गाडीत बेबी मागे बसली होती, आई आणि वहिनीच्या मध्ये, लहानपणी बसायची तशी. रस्ते रिकामे होते. दुकानांची शटरं खाली ओढलेली, एका पेट्रोल पंपावर कुणीतरी नळीनं गाडी धूत होतं. तिला कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. रागावलं असतं तरी चाललं असतं.

"मी त्यांना कधी मारलं नाही," ती म्हणाली. "कधी उपाशी ठेवलं नाही. थंडीत चादरी दिल्या. आपल्याच, पहिल्या दर्जाच्या."

आईनं तिचा हात हातात घेतला नाही. आपल्या मांडीवरचे स्वतःचे हात बघत ती म्हणाली, "कागद मी पाहिले होते. तुझ्या कपाटात. मीच तुला शहाणी म्हटलं."

"आई, नको ना."

"का नको? तुझं एकटीचं नाही हे. माझं आधीचं आहे." मग सुनेकडे वळून ती म्हणाली, "हॉटेलवाले उद्या किती वाजता येतात?"

"सकाळी. घरीच येतात, नेहमी जेवायलाच बोलावतो ना आपण."

"घरी नको. त्यांना तिकडे आण. बेबीच्या शेडवर. वर ने, खोली दाखव, काय होतं ते तू सांग. आणि मी पण असेन तिथे, खुर्ची टाकून." मग ती म्हणाली, "ऑर्डर जाईल तर जाईल. आपल्या माणसांना आपण तोंडानं सांगू, का गेली ते. ते मात्र धाकट्याला करायला लाव. त्याला बोलायला आवडतं."

पुढे थोरला गाडी चालवत होता. "आणि त्या मुकादमाची उचल," तो आरशात न बघता म्हणाला, "ती मी भागवतो. दरातून मी जे कापलं त्यातलीच आहे ती." यावर वहिनीनं पुढे हात करून त्याच्या खांद्याला स्पर्श केला. गेल्या तीन दिवसांतला तो पहिला.

*

रखवालदार फाटक उघडायला धावला आणि एवढी माणसं बघून त्यानं टोपी सारखी केली. शेड बंद होती, पण मशीनच्या तेलाचा वास बाहेरपर्यंत येत होता. चौघं लोखंडी जिना चढले. आईला वेळ लागला, तरी तिनं कुणाला आधार देऊ दिला नाही.

कुलूप दारातच बसवलेलं होतं, किल्लीनं बाहेरून लावायचं. दार जुनं, जरा बसलेलं. ते अंमळ वर उचलून धरल्याशिवाय किल्ली फिरत नसे. बेबीचा हात कुणी न सांगता दाराच्या मुठीखाली गेला, तिनं दार उचललं, किल्ली फिरवली. सरावानं, एका झटक्यात. हात इतका तरबेज कधी झाला हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. आई बघत होती.

आत बायका होत्या. कुणी केस विंचरत होती, कुणी दोरीवर कपडे वाळत घालत होती, दोघी भिंतीला टेकून काहीतरी निवडत होत्या. दार उघडताच सगळ्या उठल्या, आणि त्यातल्या तिघीचौघी न बोलता पायात चपला घालायला लागल्या.

"अगं, चपला कशाला?" बेबी म्हणाली.

"ऑर्डर आली ना, बाई?" एक म्हणाली. "खाली जायचं ना?"

थोरल्यानं घसा साफ केला. तो कारखान्यात दर वर्षी भाषण करायचा, चांगलं करायचा. "हे पाहा," तो म्हणाला, "आजपासून या दाराला कुलूप लागणार नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. राहायचं असेल त्यांना काम आहे, पगार योग्य मिळेल..." आणि पुढे त्याला शब्द सुचेनात. बायका त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. काहीतरी वाईट बातमी आहे आणि ती अजून सांगून झालेली नाही, असे त्यांचे चेहरे होते.

"म्हणजे काढून टाकलं आम्हाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही, नाही," वहिनी म्हणाली. "तसं नाही." मग तिनं जागेवर बसून घेतलं, खाली फरशीवर, त्या दोघींच्या शेजारी, आणि पहिल्यापासून सांगायला लागली. हे तिला चांगलं जमत नव्हतं, पण ती थांबली नाही.

बेबी घरी गेली. कपाट उघडलं, आतला कप्पा उघडला, जुडी घेतली. दागिन्यांचा डबा तिनं नुसता बाजूला ढकलला. परत अंगण ओलांडताना तिला वाटत होतं की आता आपण हे देऊ, एकेकीच्या हातात देऊ, म्हणजे निदान तेवढं तरी आपल्या हातून होईल.

खोलीत उभी राहून तिनं रबर काढलं आणि वरचं ओळखपत्र घेतलं. त्यावर एका तरुण बाईचा फोटो होता, केस मागे ओढलेले, कॅमेऱ्याकडे जरा घाबरून बघणारी. बेबीनं समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. ही की ती? खिडकीजवळची? तिनं दुसरं ओळखपत्र घेतलं, मग तिसरं. तिला एकही जुळवता येईना. या बायका रोज सकाळी तिच्या समोरून खाली जात, संध्याकाळी वर येत. किती वर्षं ती त्यांना माझ्या मुली म्हणत होती, शेजारणींजवळ कौतुकानं म्हणत होती.

"ही..." ती म्हणाली. नाव वाचून हाक मारता आली असती. पण चष्मा घरी राहिला होता, डोळेही भरले होते, आणि सगळ्या बघत होत्या.

कोपऱ्यातल्या अंथरुणावरून एक बाई उठली. अजून अशक्त दिसत होती, ओठ सुकलेले. वहिनीनं तिला ओळखलं आणि अर्धवट उठली. त्या बाईनं बेबीच्या हातून अख्खी जुडी घेतली. हिसकावली नाही, कुणी लहान मुलाच्या हातून सुरी काढून घेतं तशी घेतली. तिनं स्वतःचं ओळखपत्र शोधलं, बाकीची शेजारणीकडे दिली, आणि दोरीवरचे दोन कपडे ओढून पिशवीत भरले. तेवढंच तिचं सामान होतं.

"गाडीनं सोडते मी," वहिनी म्हणाली. "तुझ्या गावापर्यंत सोडते. ताप आहे तुला. आधी डॉक्टर..."

"नको," ती म्हणाली. "बसनं जाईन."

थोरल्यानं खिशातून होते तेवढे पैसे काढले. ती आधी घेईना. मग तुझ्याच पगारातले आहेत, असं तो म्हणाला तेव्हा घेतले, आणि न मोजता पिशवीत टाकले.

ती जिना उतरली. बेबी तिच्या मागोमाग उतरली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. वरच्या खोलीतून कागद वाटल्याचे, नावं पुकारल्याचे आवाज येत होते, आणि कुणीतरी रडत होतं. रखवालदारानं फाटक सताड उघडं ठेवलं होतं. बाहेर रस्ता होता, रस्त्यापलीकडे बसथांब्याची टपरी, तिथे दोन माणसं वाट बघत उभी.

फाटकाशी येऊन ती बाई थांबली.

बेबीला वाटलं, ही आता बोलेल. शिव्या देईल. द्याव्यातच, असं तिला मनापासून वाटलं, आणि ती ऐकायला तयार होऊन उभी राहिली. पण बाई तिच्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती, पिशवी छातीशी धरून, फाटकाच्या अलीकडेच.

"जाऊ ना, बाई?" तिनं विचारलं.

ओळखपत्र तिच्या हातात होतं. फाटक उघडं होतं. अडवायला कुणी नव्हतं, आणि तरी ती परवानगीसाठी उभी होती, आणि मिळाली नसती तर बहुधा तशीच उभी राहिली असती.

बेबीनं तोंड उघडलं. तुला विचारायची गरज नाही, असं त्या बाईला सांगावं, माफी मागावी, पाय धरावेत, असं बरंच काही तिच्या मनात आलं. पण पलीकडे बस वळणावर दिसायला लागली होती, आणि बाई उत्तराची वाट बघत होती.

"जा," बेबी म्हणाली. एवढा एक शब्द म्हणताना तिला जितकी लाज वाटली, तितकी जन्मात कशाची वाटली नव्हती.